दाश्कोवा, डॅश्कोवा की दश्कोव्हा? : सांगलीतील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

विश्रामबागेतील एका पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर गेल्या पावसाळ्यात सहा शनिवार एक अभ्यासवर्ग चालला. विषय होता ‘रशियन भाषा घडवणाऱ्या स्त्रिया : अठरावे शतक’. शुल्क सहाशे रुपये होते आणि त्यात टिपणांच्या प्रती व चहा धरलेला होता. सांगलीत नाट्यसंगीताच्या किंवा ज्ञानेश्वरीच्या वर्गाला गर्दी होते हे ठाऊक असल्यामुळे रशियन शब्दकोशावर सहा संध्याकाळी कोण खर्च करील, अशी शंका नाव नोंदवताना मनात होती. प्रत्यक्षात सव्वीस जण आले आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. काही जण मिरजेहून शहर बसने येत होते. वर्ग पुन्हा भरणार असल्याचे दुकानदारांनी सांगितले असल्याने, पैसे आणि वेळ घालवण्याजोगे तेथे काय आहे व काय नाही, हे नीट लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्या जिल्ह्याला रशिया अगदीच परका नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ साली तिकडे जाऊन आले होते, आणि माझ्या पिढीतील पुष्कळांच्या घरी फिरत्या प्रदर्शनातून पाच-दहा रुपयांना घेतलेली जाड पुठ्ठ्याची सोव्हिएत पुस्तके अजून आहेत. परंतु ती ओढ क्रांतीची, कादंबऱ्यांची आणि अंतराळवीरांची होती. ज्या भाषेत हे सारे लिहिले गेले तिचा पहिला मोठा अधिकृत कोश एका स्त्रीच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, हे त्या पुस्तकांपैकी निदान माझ्याकडील एकाही पुस्तकाने मला सांगितले नव्हते.

वर्ग घेणाऱ्या बाई रशियन भाषेच्या निवृत्त अध्यापिका आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहिरातीतले अनेकवचन दुरुस्त केले, ही गोष्ट मला फार आवडली. ‘स्त्रिया’ म्हणजे मुख्यतः दोन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एक सम्राज्ञी एकातेरिना दुसरी, जिला आपण कॅथरीन म्हणतो, आणि दुसरी उमराव घराण्यातील एकातेरिना रोमानोव्ना दाश्कोवा. या दोघींच्या हाताखाली काम करणारे सभासद पुरुषच होते. कवी, नाटककार, इतिहासकार, निसर्गशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू अशी ती मंडळी होती. ‘त्या काळी स्त्रियांनी भाषा घडवली’ असे ढोबळ विधान करून टाळ्या मिळवणे सोपे होते. बाईंनी ते केले नाही.

पहिल्या दोन शनिवारी दाश्कोवाचे चरित्र झाले. १७४३ साली पीटर्सबर्गमध्ये व्होरोन्त्सोव घराण्यात जन्म, चुलत्याच्या घरी फ्रेंच वळणाचे शिक्षण, कोवळ्या वयात लग्न, १७६२ च्या सत्तांतरात (पतीला हटवून एकातेरिना गादीवर आली त्यात) एकातेरिनाच्या बाजूने भाग, १७६४ मध्ये वैधव्य, त्यानंतर युरोपचे दोन दीर्घ प्रवास, दिदरो व व्हॉल्तेर या फ्रेंच विचारवंतांच्या भेटी, मुलाच्या शिक्षणासाठी एडिंबरोतील मुक्काम. सत्तांतराची कथा रंगतदार आहे हे मान्य करूनही तिला जवळजवळ एक संपूर्ण संध्याकाळ देणे मला उधळपट्टीचे वाटले. घोड्यावर बसलेली, सैनिकी गणवेश घातलेली तरुण स्त्री डोळ्यांसमोर उभी राहते खरी, पण शब्दकोश घोड्यावर बसून होत नाही.

याउलट त्याच व्याख्यानात ओझरता आलेला एक तपशील अधिक थांबून सांगायला हवा होता. दाश्कोवाने आपल्या आठवणींत लिहिले आहे की लग्न होऊन मॉस्कोला सासरी गेल्यावर तिची मोठी अडचण झाली, कारण सासूबाईंना रशियनखेरीज दुसरी भाषा येत नव्हती आणि सुनेला नीट रशियन येत नव्हते. म्हणून तिने ते मनावर घेऊन शिकायला सुरुवात केली. हे ऐकताना वर्गातील बायका ज्या समजुतीने हसल्या, तो हशा सांगलीचाच होता. बेळगावकडून किंवा विजापूरकडून कानडी मुलगी सून म्हणून येते आणि सहा महिन्यांत सासूशी मराठीत वाद घालू लागते, हे येथे घरोघरी पाहिलेले आहे. सम्राज्ञीचीही तीच स्थिती. ती मूळची जर्मन, १७२९ साली श्टेट्टीन येथे जन्मलेली, लग्न ठरल्यावर रशियाला येऊन ही भाषा शिकलेली. ज्या दोघींच्या पुढाकाराने रशियन भाषेचे नियमन सुरू झाले त्या दोघींनाही ती पाळण्यात मिळालेली नव्हती, एकीला देशाने परकी म्हणून आणि दुसरीला समाजातील वर्गाने परकी म्हणून. ज्याला भाषा आयती मिळते त्याला तिच्यातील खाचखळगे दिसत नाहीत; ज्याला दुसऱ्याच्या घरात जाऊन ती उचलावी लागते त्याला ‘हे असेच का?’ असा प्रश्न पदोपदी पडतो. हा धागा बाईंच्या हातात होता, पण त्यांनी तो पुढे नेला नाही.

तिसऱ्या शनिवारपासून मात्र वर्गाने पकड घेतली. जानेवारी १७८३ मध्ये सम्राज्ञीने दाश्कोवाला विज्ञान अकादमीची संचालक नेमले. तेव्हा ती चाळिशीच्या उंबरठ्यावर होती. ही नेमणूक नाकारताना ‘त्यापेक्षा मला आपल्या धोबिणींची प्रमुख नेमा’ अशा आशयाचे उत्तर आपण दिल्याचे तिने नोंदवले आहे. तरीही नेमणूक झाली. पहिल्या सभेला जाताना तिने दृष्टी गेलेल्या वृद्ध गणिती ऑयलरला सोबत नेले, आणि मानाची खुर्ची दुसऱ्याच कुणी बळकावू पाहत आहे हे पाहून ऑयलरला सांगितले की आपण बसाल ती खुर्ची पहिली. मग बाईंनी अकादमीचे जमाखर्च, थकलेली देणी, रखडलेली छपाई आणि दाश्कोवाने सुरू केलेली रशियन भाषेतील विनाशुल्क जाहीर व्याख्याने यांविषयी तपशीलवार सांगितले. मी स्वतः पस्तीस वर्षे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण केले असल्यामुळे असेल, पण कर्जात रुतलेली संस्था हाती घेऊन आधी वह्या तपासणारी ही बाई मला गणवेशातल्या तरुणीपेक्षा कितीतरी ओळखीची वाटली.

त्याच वर्षी शरद ऋतूत, केवळ भाषेच्या कामासाठी, रशियन अकादमी नावाची स्वतंत्र संस्था निघाली आणि तिचे अध्यक्षपदही दाश्कोवाकडे आले. त्सार्स्कोये सेलोच्या बागेत सम्राज्ञीबरोबर फिरताना रशियन भाषेच्या सौंदर्याचा विषय निघाला आणि या भाषेला नियम व चांगला कोश एवढेच हवे आहे असे आपण म्हणालो, त्यावर सम्राज्ञीने आराखडा मागितला, अशी तिची हकिकत आहे. नमुना फ्रेंच अकादमीचा होता. ती अकादमी १६३५ साली स्थापन झाली आणि तिचा पहिला कोश १६९४ साली निघाला. रशियन अकादमीने १७८३ मध्ये आरंभ करून १७८९ ते १७९४ या काळात सहा भागांत ४३,२५७ शब्द छापून मोकळे केले. आणखी एक तुलना बाईंनी सहज सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. फ्रेंच अकादमीत पहिली स्त्री सभासद निवडली गेली ती १९८० साली.

वर्गाची खरी किंमत चौथ्या व पाचव्या शनिवारी वसूल झाली. हा कोश कसा तयार झाला, म्हणजे कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर कागद गेला, हे बाईंनी फळ्यावर काढून दाखवले. अक्षरे सभासदांत वाटून दिली गेली. प्रत्येकाने आपल्या अक्षराचे शब्द जमवून याद्या केल्या. त्या याद्या छापून इतर सभासदांकडे शेऱ्यांसाठी पाठवल्या गेल्या. व्याकरण, अर्थ आणि छपाई यांसाठी वेगवेगळे गट केले. आराखडा नाटककार फोन्विझिनने लिहिला, त्यावर इतिहासकार बोल्तिनने हरकती घेतल्या, रोजचे काम नित्य सचिव लेप्योखिनने सांभाळले. अध्यक्षबाईंनी स्वतः त्स, श आणि श्च या तीन अक्षरांचे शब्द गोळा केले आणि नीतीविषयक शब्दांच्या व्याख्यांत विशेष लक्ष घातले. विज्ञान अकादमीचा छापखाना त्यांच्याच ताब्यात असल्याने हस्तलिखित तयार होऊनही छपाई अडून राहिली, असे झाले नाही. ज्याने आपल्याकडे कोशांचे काम जवळून पाहिले आहे त्याला या शेवटच्या वाक्याचे मोल कळेल. वाईच्या विश्वकोश कार्यालयात काम केलेले एक गृहस्थ वर्गात होते. ते एवढेच म्हणाले, ‘विद्वान मिळतात हो, बाई. नोंद वेळेवर हातात मिळत नाही.’ वाईचा विश्वकोश १९६० मध्ये सुरू झाला आणि पुढे काही वर्षे त्याच्या मंडळाच्या अध्यक्षस्थानी डॉ. विजया वाड होत्या, हा उल्लेखही त्यांनीच केला.

कोशाच्या रचनेवरची चर्चा मराठी माणसाला विशेष रुचेल अशी आहे. पहिल्या आवृत्तीत शब्द वर्णक्रमाने नव्हते, मूळ शब्दाभोवती त्याचे सारे गणगोत मांडलेले होते. संस्कृत धातूंच्या सवयीमुळे आपल्याला ही पद्धत लगेच उमगते. ‘वोदा’ म्हणजे पाणी. पूर या अर्थाचा ‘नावोद्नेनिये’ हा शब्द या पद्धतीत ‘न’खाली शोधून सापडत नाही, तो पाण्याच्या घरात जाऊन शोधावा लागतो. बाईंनी हे उदाहरण दिले त्याच्या आदल्याच शनिवारी आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी वाढल्यामुळे वर्ग रद्द झाला होता आणि जो तो ‘किती फुटांवर आलंय?’ एवढेच विचारत होता, त्यामुळे हा रशियन शब्द तरी सव्वीस जणांपैकी कोणी विसरणार नाही. नेवा नदीकाठच्या पीटर्सबर्गनेही १७७७ मध्ये मोठा पूर पाहिला होता. असो. ही मांडणी शब्दांची नाती दाखवते, पण घाईने एखादा शब्द पाहू इच्छिणाऱ्याला ती छळते. खुद्द सम्राज्ञीलाही ती पसंत नव्हती, असे दाश्कोवाच्या आठवणींवरून दिसते. १८०६ ते १८२२ या काळात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत अकादमीने वर्णक्रम स्वीकारला आणि शब्दसंख्याही पन्नास हजारांच्या पुढे नेली.

परकीय शब्दांना आणि हलक्या समजल्या गेलेल्या शब्दांना कोशाने शक्यतो दूर ठेवले. यावर वर्गात बराच वाद झाला, आणि तो बाईंनी होऊ दिला हे चांगले केले. प्रमाण ठरवणे म्हणजे काहींना दाराबाहेर उभे करणे, हे पुण्याच्या बोलीपुढे ज्यांच्या ‘करूलालोय’, ‘आलतो’ यांना शाळेत हसले गेले त्या आमच्या भागातील लोकांना समजावून सांगावे लागत नाही. एका तरुण शिक्षिकेने विचारले की ज्या देशात बहुसंख्य शेतकरी भूदास होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती, तेथे हा कोश कोणासाठी होता? बाईंनी उत्तर टाळले नाही. दाश्कोवा स्वतः भूदासांची मालकीण होती आणि दिदरोने हा प्रश्न काढला तेव्हा तिने त्या व्यवस्थेची बाजू घेतली होती, हे त्यांनी सांगितले. चरित्रनायिकेविषयी इतके सरळ बोलणारी व्याख्याने आपल्याकडे दुर्मीळ झाली आहेत.

आता ‘यो’ या अक्षराविषयी. १७८३ च्या नोव्हेंबरमध्ये दाश्कोवाच्या घरी भरलेल्या बैठकीत तिने ‘योल्का’ हा शब्द लिहून दाखवला, एका ध्वनीसाठी दोन अक्षरे कशाला असे विचारले, आणि ‘ये’च्या डोक्यावर दोन टिंबे देऊन नवे अक्षर सुचवले, ही कथा रशियात फार लोकप्रिय आहे. टिपणात ती निर्विवाद घटना म्हणून छापली होती. ‘असे सांगितले जाते’ एवढे शब्द घालायला हवे होते. ते अक्षर छापील पुस्तकात दिसले ते १७९५ मध्ये, कवी द्मित्रियेवच्या संग्रहात, आणि पुढच्या वर्षी लेखक करामझिनने ते वापरल्यामुळे बराच काळ श्रेय त्यालाच मिळत राहिले. आजही छपाईत ती टिंबे पुष्कळदा गाळतात आणि वाचणारा सवयीने योग्य उच्चार करतो. आपण ‘चार’ आणि ‘चाक’ एकाच ‘च’ने लिहितो आणि तरी कधी अडखळत नाही, तसेच हे आहे. माझ्या शेजारी हरभट रोडवरच्या एका जुन्या छापखान्यात हयात घालवलेले एक काका बसत. ‘टिंब सुचवणाऱ्याला काय जातंय? खिळा कंपोझिटरला शोधावा लागतो,’ हा त्यांचा शेरा मला त्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या रंजक कथेपेक्षा मोलाचा वाटला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी आपल्याकडचे व्युत्पत्तीचे, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले तेव्हा खिळ्यांच्या खणात काय उलथापालथ झाली, हे काकांकडून ऐकण्यासाठी आम्ही तिघे-चौघे नंतर चहाला थांबलो होतो.

उणिवांपैकी सर्वांत खटकणारी उणीव नेमकी विषयाशी निगडित होती. भाषेच्या प्रमाणीकरणावरील वर्गाच्या टिपणांत चरित्रनायिकेचे नाव तीन तऱ्हांनी छापलेले होते. पहिल्या पानावर ‘दाश्कोवा’, तिसऱ्यावर ‘डॅश्कोवा’, जोडलेल्या कालपटात ‘दश्कोव्हा’. आणि बाई बोलताना रशियन वळणाने ‘दाश्कवा’ म्हणत, कारण आघात पहिल्या अक्षरावर असल्याने पुढचा ‘ओ’ उच्चारात ‘अ’सारखा होतो. इंग्रजी, मराठी आणि मूळ रशियन अशा तीन वाटांनी आलेली ही नावे कोणीतरी एकदा एका सुरात आणायला हवी होती. टिपणे तीन वेगवेगळ्या जणांनी टंकलिखित केल्याचा खुलासा दुकानदारांनी केला. पाचव्या शनिवारी अखेर हात वर करून मत घेतले गेले. लिपीतला ‘ओ’ राखणारे ‘दाश्कोवा’ बहुमताने ठरले, दोघांनी ‘दाश्कवा’चा आग्रह सोडला नाही आणि त्यांचे म्हणणे मुद्देसूद होते. शुद्धलेखनाच्या शंकेसाठी आपण यास्मिन शेख यांचा कोश उघडतो, पण रशियन नावांसाठी असा हाताशी आधार नाही. म्हणून तर मुद्रितशोधनाची जबाबदारी आधीच एकाकडे द्यायला हवी होती.

सहावे व्याख्यान घाईत उरकले गेले. १७९३ मध्ये नाटककार क्न्याझ्निनचे एक नाटक अकादमीच्या छापखान्यातून निघाले, त्यातील प्रजासत्ताकी सुरामुळे सम्राज्ञीची मर्जी खप्पा झाली, दाश्कोवा रजा घेऊन दूर झाली, १७९६ मध्ये सम्राज्ञीचा मुलगा पावेल गादीवर येताच तिची पदे गेली आणि तिला नोव्हगोरोद प्रांतातील एका खेड्यात धाडले गेले, पुढे तिने फ्रेंचमध्ये आठवणी लिहिल्या आणि १८१० मध्ये ती मॉस्कोत वारली. एवढे सारे चाळीस मिनिटांत झाले. रशियन शब्दकोशाच्या अध्यक्षेने आपले आत्मकथन फ्रेंचमध्ये लिहावे, यावर निदान दहा मिनिटे तरी थांबायला हवे होते. अकादमीचे व्याकरण तिच्या पश्चात, म्हणजे ती पदावरून गेल्यानंतर, १८०२ मध्ये निघाले. तेही राहून गेले. सत्तांतराची संध्याकाळ आटोपती घेतली असती तर ही वेळ सहज मिळाली असती. दाश्कोवाने चालवलेल्या आणि सम्राज्ञीने स्वतः ज्यात विनोदी लेखन केले त्या १७८३-८४ मधील मासिकाविषयी तर केवळ दोन वाक्ये आली.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. माडीचा जिना अरुंद असून कठडा एकाच बाजूला आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी चौकशी करावी. साडेपाचची वेळ नोकरी करणाऱ्यांना गैरसोयीची आहे. पहिल्या दोन शनिवारी चार-पाच जणी धापा टाकत उशिरा आल्या आणि अर्धा विषय त्यांना टिपणांतून उचलावा लागला. पंखे पुरेसे आहेत, फळा लहान आहे, चहा उत्तम. रद्द झालेला शनिवार पुढे भरून दिला गेला, त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. प्रश्नांना बाई मोकळेपणाने वेळ देतात. उत्तर ठाऊक नसेल तर पुढच्या शनिवारी शोधून आणून देतात, आणि दोनदा त्यांनी तसे केलेही.

रशियन लिपी येत नसेल तरी काही अडत नाही, मात्र पहिल्या दिवशी दिलेला अक्षरांचा तक्ता जवळ ठेवावा. मी दुकानदारांना लेखी कळवले आहे की पुढच्या वर्गात चरित्र एका संध्याकाळी आटोपावे, कोशकार्याला तीन संध्याकाळी द्याव्यात आणि टिपणे छापण्यापूर्वी हरभट रोडच्या काकांना दाखवावीत. पहिल्या दोन सूचनांचा विचार करू असे उत्तर आले. तिसऱ्या सूचनेला त्यांनी तेव्हाच होकार दिला, आणि काकांनी मानधन म्हणून चहाची अट घातली आहे असे कळले.